आजीला दुसऱ्या दिवशी दिसतं, मग नातवाला का नाही?

मोतीबिंदू म्हटलं की आता आपल्या घरांत फारसं कोणी घाबरत नाही. आजीच्या डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढतात, त्या जागी नवं बसवतात, दुसऱ्या दिवशी पट्टी निघते आणि आजी समोरच्या दुकानाची पाटी वाचून दाखवते. हाच मोतीबिंदू काही बाळांना जन्मतःच असतो. तो वेळीच लक्षात आला नाही आणि मूल दहा-बारा वर्षांचं झाल्यावर तितकंच चोख ऑपरेशन झालं, तर पट्टी निघाल्यावर त्याला उजेड दिसतो, रंग दिसतात, काहीतरी हलताना दिसतं. पण समोर उभी आहे ती आपली आई, हे ती बोलेपर्यंत त्याला कळत नाही. आजार तोच, ऑपरेशनही जवळपास तेच, आणि फरक मात्र एवढा!

दुसरं कोडं त्याहून नेहमीचं. शाळेत डोळ्यांची तपासणी होते आणि एखाद्या घरी चिठ्ठी येते. मुलाला नेऊन दाखवलं की डॉक्टर सांगतात, एक डोळा आळशी राहिलाय, तेव्हा चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावा. आईवडील चक्रावतात. ज्या डोळ्याने दिसतंय तोच बंद करायचा? बडोद्यात हा प्रश्न मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे की त्यावर सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं. दोन्ही कोड्यांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे: पाहणं मेंदूला शिकावं लागतं, आणि त्या शिकण्याचं एक वय असतं.

डोळ्याचं काम कुठे संपतं

बाहुलीतून उजेड आत शिरतो, भिंगातून जातो आणि मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, समोरच्या दृश्याची उलटी प्रतिमा पडते. या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या १२ कोटींच्या आसपास पेशी आहेत. त्यांनी टिपलेलं सगळं तिथेच गाळून, आटवून पुढे जातं ते साधारण १० लाख तंतूंच्या एका जुडीतून. मधल्या एका टप्प्यावरून हे निरोप डोक्याच्या अगदी मागच्या भागात पोचतात, झोपताना आपण जो भाग उशीवर टेकतो तिथे. मेंदूच्या त्या भागाला या लेखापुरतं दृश्य-मेंदू म्हणू.

निरोपात असतं काय? इथे उजेड जास्त, तिथे कमी. इथे लाल जास्त, तिथे हिरवा. बस्स. ही लारी (म्हणजे हातगाडी), ही तिची सावली, असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं. संध्याकाळी बडोद्यात मांडवीच्या दरवाजाशी उभे राहून पाहा. केळ्यांच्या लारीमागे एक स्कूटर अर्धी झाकलेली, स्कूटरवाल्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर निम्मी सावली पडलेली, पलीकडे रिक्षांची दाटी. आपल्याला अर्धी कापलेली स्कूटर दिसत नाही, अख्खी स्कूटर लारीमागे उभी दिसते. सदऱ्याच्या सावलीतल्या भागातून डोळ्यात येणारा उजेड उन्हातल्या करड्या कापडाइतकाच असू शकतो, तरी तो भाग आपल्याला पांढराच वाटतो. लांबचा माणूस बोटभर दिसतो म्हणून आपण त्याला बुटका समजत नाही. हे सगळे निर्णय सेकंदाच्या काही अंशांत होतात आणि आपल्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच डोळे उघडले की आपोआप दिसतं, अशी आपली समजूत असते.

गल्लीतली गुजराती

मेंदू हे कसं शिकतो ते समजून घ्यायला बडोद्यातल्या मराठी माणसाला लांब जायला नको. दांडिया बाजारातल्या कुठल्याही मराठी घरातलं चार वर्षांचं मूल घरात मराठी बोलतं आणि दारात खेळताना गुजराती. त्याला गुजरातीचं व्याकरण कोणी शिकवलेलं नसतं. कानावर पडलं, बोलून पाहिलं, समोरच्याला कळलं, आणि ती भाषा त्याची झाली. त्याच घरात साताऱ्याहून लग्न होऊन आलेली आजी चाळीस वर्षं गुजराती बोलते आहे. भाजीवाल्याला तिचा शब्द न् शब्द कळतो, पण पहिल्या वाक्यातच तो ओळखतो की या बेन इथल्या नव्हेत. आजीला कान होते, बुद्धी होती, गरजही होती. फक्त सुरुवात उशिरा झाली.

पाहण्याचंही असंच आहे. आयुष्याच्या सुरुवातीला मेंदू नव्या अनुभवाने सहज घडतो. या काळाला संशोधक संवेदनशील काळ म्हणतात. त्यानंतर शिकता येतं, पण कष्टाने आणि अर्धवट. या तुलनेची दुसरी बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे. लहानपणी पक्की झालेली भाषा पुढे वर्षानुवर्षं बोलली नाही तरी पुसली जात नाही. आजीच्या मोतीबिंदूचं रहस्य तेच. तिचा दृश्य-मेंदू सत्तर वर्षांपूर्वीच शिकून तयार झाला होता. मध्ये काही वर्षं पडदा आला, तो दूर झाला, काम पुन्हा सुरू. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळाच्या मेंदूला मात्र पहिला धडाच मिळालेला नसतो.

एक जुना प्रश्न

डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू या विद्वानाने १६८८ साली जॉन लॉक या इंग्लिश तत्त्वज्ञाला पत्रातून एक प्रश्न विचारला. मॉलिन्यूची स्वतःची पत्नी दृष्टी गमावून बसली होती. प्रश्न असा: जन्मांध माणसाला गोळा आणि घन हातांनी चाचपून ओळखता येतात. उद्या त्याला अचानक दिसू लागलं, तर हात न लावता, नुसतं बघून, गोळा कुठला आणि घन कुठला हे तो सांगू शकेल का? दोघांचंही मत होतं, नाही.

पुढे १७२८ मध्ये लंडनचे शल्यवैद्य विल्यम चेसल्डन यांनी तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. फार लहानपणापासून मोतीबिंदू असलेल्या या मुलावर त्यांनी शस्त्रक्रिया केली होती. सुरुवातीला त्याला वाटे की दिसणारी प्रत्येक वस्तू आपल्या डोळ्यांना चिकटलेली आहे. घरातलं मांजर कुठलं आणि कुत्रा कुठला, हे तो पुन्हा पुन्हा विसरे. शेवटी एकदा त्याने मांजराला उचललं, अंगावरून हात फिरवत त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि त्याला बजावलं, आता पुढच्या वेळी मी तुला ओळखीन. हाताला जे ठाऊक होतं ते डोळ्याला शिकवण्याचं काम तो मुलगा स्वतःच करत होता.

मांजरीच्या पिल्लांनी काय दाखवलं

मेंदूच्या आत नेमकं काय होतं हे कळायला मात्र विसावं शतक निम्मं उलटावं लागलं. अमेरिकेत डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल हे दोघे मांजरीच्या दृश्य-मेंदूतल्या एकेका पेशीचे विद्युत्संकेत ऐकत होते. मांजरीसमोर लावलेल्या पडद्यावर ठिपके दाखवून पेशी काही दाद देईना. मग ठिपक्याची काच यंत्रात सरकवताना काचेच्या कडेची पुसट रेघ पडद्यावर सरकली आणि पेशी एकदम कडाडली. ठिपक्याशी तिला देणंघेणं नव्हतं. तिला विशिष्ट कोनात कललेली रेघ हवी होती. शेजारच्या पेशीला थोड्या वेगळ्या कोनातली. दृश्याचे असे बारीक तुकडे वेगवेगळ्या पेशी वाटून घेतात आणि त्यांतून पुढे आकार उभे राहतात.

खरा धक्का १९६३ च्या प्रयोगांत होता. त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची एक पापणी शिवून ठेवली आणि दोन-तीन महिन्यांनी उघडली. डोळा तपासला तर ठणठणीत, दृष्टिपटलही ठीक. पण दृश्य-मेंदूत त्या डोळ्याचं ऐकणारी पेशी जवळजवळ उरलीच नव्हती. एरवी मांजराच्या दृश्य-मेंदूतल्या बहुतेक पेशी दोन्ही डोळ्यांना प्रतिसाद देतात. इथे उघड्या डोळ्याने सगळी जागा बळकावली होती. पिल्लू चार-पाच आठवड्यांचं असताना तीन-चार दिवस डोळा झाकला तरी पुरे, एवढा तो काळ नाजूक. आणि मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ, त्याहून अधिक काळही झाकला, तर काहीच बिघडत नाही.

पुढची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पिल्लाचे दोन्ही डोळे झाकले तर नुकसान दुप्पट व्हायला हवं, नाही का? प्रत्यक्षात तसं झालं नाही; बऱ्याच पेशी दोन्ही डोळ्यांना थोडाफार प्रतिसाद देत राहिल्या. म्हणजे झाकलेला डोळा निव्वळ वापर नसल्यामुळे मागे पडला नव्हता, तो उघड्या डोळ्याशी जागेसाठीच्या झगड्यात हरला होता. पट्टी चांगल्या डोळ्यावर का लावतात, त्याचं मूळ इथे आहे. या कामाला १९८१ चं नोबेल मिळालं.

पिल्लांचे डोळे शिवणं हे वाचताना पोटात कालवतं, आणि कालवायलाच हवं. पण त्याआधी बाळाच्या मोतीबिंदूची घाई नाही, थोडं मोठं होऊ द्या, असं डॉक्टरही म्हणत. या प्रयोगांनंतर तो विचार मागे पडला. आज बाळाचा दाट मोतीबिंदू जन्मानंतर पहिल्या दीड-दोन महिन्यांतच काढण्याचा प्रयत्न होतो. कितीतरी मुलांची दृष्टी त्या पिल्लांच्या ऋणात आहे.

पण जनावरांना तर जन्मतःच दिसतं?

ही शंका रास्त आहे. गायीचं वासरू जन्मल्यावर थोड्याच वेळात उभं राहून आचळ शोधतं. कोंबडीचं पिल्लू अंड्यातून निघालं की पहिल्याच दिवशी दाणा टिपतं. त्यांना कोण शिकवतं?

बरंचसं त्यांच्या मेंदूत जन्मतःच जोडलेलं असतं. एकार्ड हेस यांनी १९५६ मध्ये नुकत्याच निघालेल्या कोंबडीच्या पिल्लांना लोलकाचे चष्मे चढवले. त्यांतून प्रत्येक वस्तू सात अंश बाजूला सरकलेली दिसे. मऊ मातीत रुतवलेल्या पितळी खिळ्यावर पिल्लं चोच मारत. पहिल्या दिवशी चोची इकडेतिकडे विखुरलेल्या, चार दिवसांनी अगदी एका जागी. पण ती जागा चुकीची! सराव झाला, नेम पक्का झाला, तरी चूक तेवढीच राहिली. रॉजर स्पेरी यांनी तर न्यूट नावाच्या, पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचरांचे डोळे उलटे फिरवून बसवले. माशी वर असली की ते प्राणी खाली झेप घेत, आणि ही चूक त्यांनी पुढे कधीच सुधारली नाही. (स्पेरी यांनाही १९८१ च्याच नोबेलमध्ये वाटा मिळाला, पण वेगळ्या कामासाठी.)

याउलट माणूस. कॅलिफोर्नियात जॉर्ज स्ट्रॅटन यांनी १८९० च्या दशकात जग उलटं दाखवणारी भिंगं डोळ्यावर लावून आठवडाभर काढला. सुरुवातीला भोवंडून गेले, हात भलतीकडेच जाई. काही दिवसांत घरात वावरणं, वस्तू उचलणं पुष्कळ जमू लागलं.

जन्मतः तयार असलेला मेंदू पहिल्या दिवशी पोट भरून देतो, पण चष्मा बदलला की अडतो. शिकणारा मेंदू वर्षानुवर्षं आईच्या कडेवर राहतो आणि मग मोडी लिपीपासून एक्स-रेच्या फिल्मपर्यंत काहीही वाचायला शिकतो. मांजर, माकड आणि माणूस या दुसऱ्या गटात येतात. अर्थात आपली पाटीही अगदी कोरी नसते. काही तासांचं बाळसुद्धा चेहऱ्यासारख्या आकाराकडे जास्त वळून पाहतं.

बसून पाहणं पुरत नाही

रिचर्ड हेल्ड आणि अ‍ॅलन हाइन यांनी १९६३ मध्ये अंधारात वाढवलेल्या मांजरीच्या पिल्लांच्या जोड्या रोज थोडा वेळ एका फिरत्या दांड्याला बांधल्या. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी चाले. दुसरं टांगलेल्या खोक्यात बसून, पहिलं नेईल तसं फिरे. भोवतालची भिंत पट्ट्यापट्ट्यांची, दोघांना दिसे तेही सारखंच. नंतर तपासणी झाली. चाललेलं पिल्लू खोल कड्यासारखा देखावा टाळे, खाली ठेवू लागलं की पाय पुढे करी. बसून फिरलेल्याला यातलं काही जमेना. त्याला उजेडात मोकळं सोडल्यावर मात्र दोनेक दिवसांत जमलं.

आपण पाऊल टाकलं की दृश्य कसं बदलतं, हात पुढे केला की वस्तू कुठे लागते, या हिशेबातून मेंदू अंतर शिकतो. रांगणारं बाळ घरभर वस्तू खाली पाडत सुटतं तेव्हा त्याचा हाच अभ्यास चालू असतो. मांडीवर बसवून समोर मोबाइल धरला तर चित्रं भरपूर दिसतात, पण त्यांच्याकडे हात नेऊन काही हाताला लागत नाही. मला ही गोष्ट आजच्या आईवडिलांना आवर्जून सांगावीशी वाटते.

दिल्लीतली मुलं

मॉलिन्यूच्या प्रश्नाचं काटेकोर उत्तर मिळालं ते भारतात. दिल्लीत वाढलेले आणि अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात शिकवणारे पवन सिन्हा यांनी प्रोजेक्ट प्रकाश सुरू केलं. उत्तर भारतातल्या खेड्यांत जन्मतः मोतीबिंदू असूनही उपचार न झालेली मुलं शोधायची, दिल्लीच्या डॉ. श्रॉफ चॅरिटी आय हॉस्पिटलमध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया करायच्या, आणि ती पाहायला कशी शिकतात याचा अभ्यास करायचा. उपचार आणि विज्ञान अशी सांगड घालणारं इतकं देखणं काम मला दुसरं आठवत नाही.

आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांना ऑपरेशननंतर दोन दिवसांच्या आत प्लॅस्टिकचे ठोकळे दिले. हाताने चाचपलेला ठोकळा हाताने ओळखणं जमलं. डोळ्याने पाहिलेला डोळ्याने ओळखणंही जमलं. पण हाताने चाचपलेला डोळ्याने ओळखताना उत्तरं जवळपास अंदाजपंचेच. मॉलिन्यूला उत्तर मिळालं: नाही, लगेच नाही. मात्र ज्या मुलांना पुन्हा तपासता आलं, त्यांचं काम काही दिवसांतच खूप सुधारलं होतं. हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि लेखकांत पहिलं नाव होतं पिल्लांना फिरवणारे तेच रिचर्ड हेल्ड, आता ऐंशी ओलांडलेले.

या मुलांना दिसतं तरी काय? त्यांना चित्रातली वस्तू बोटाने दाखवायला सांगितली की ती रंगाचा आणि उजेडाचा प्रत्येक तुकडा वेगळा मोजतात. एकमेकांवर आलेले गोल आणि चौकोन त्यांना चार-पाच वेगळे आकार वाटतात, चेंडूची सावली ही दुसरी वस्तू वाटते. पण तेच चित्र हललं की गोंधळ कमी होतो, कारण एकत्र सरकतात ते तुकडे एकाच वस्तूचे. आपल्यातही याचा अंश आहे. कमाटीबागेत झाडाच्या सालीवर बसलेला सरडा दिसत नाही; तो हलला की अख्खा दिसतो. सिन्हांच्या मते या मुलांच्या शिक्षणाची किल्ली हीच हालचाल आहे. जन्मतः डोळ्यांत भिंग नसलेल्या २९ वर्षांच्या एका माणसाची त्यांनी नोंद ठेवली आहे. त्याला लागत होता फक्त एक चष्मा. तो मिळाल्यावर आधी हीच तुकड्यांची अवस्था होती, आणि दीडेक वर्षाने स्थिर चित्रातल्या वस्तूही तो वेगळ्या करू लागला. एका चष्म्यावाचून २९ वर्षं! मला ही नोंद विसरता येत नाही.

सगळंच शिकावं लागतं असं मात्र नाही. आगगाडीच्या रुळांसारख्या जवळ येत जाणाऱ्या दोन रेघांमध्ये सारख्या लांबीच्या दोन आडव्या रेघा काढल्या तर वरची लांब वाटते, हा भ्रम प्रसिद्ध आहे. तो चित्रं आणि रस्ते पाहण्याच्या सवयीतून येतो असा समज होता. या मुलांना दृष्टी मिळताच तो भ्रम झाला. आणि काही गोष्टी उशिरा आलेल्यांच्या हातून कायमच्या निसटतात. बारीक अक्षराची स्पष्टता पूर्ण येत नाही. कॅनडातल्या अभ्यासांत तर असं दिसलं की जन्मानंतर काही महिन्यांतच मोतीबिंदू काढलेल्यांनाही मोठेपणी दोन चेहऱ्यांतला बारीक फरक ओळखणं थोडं जड जातं.

याच कामातून अलीकडे एक वेगळा विचार पुढे आला आहे. नवजात बाळाला वीतभर अंतरापलीकडचं धूसर दिसतं, रंगही फिके दिसतात. ही आपण उणीव समजत होतो. पण उशिरा दृष्टी मिळालेल्या मुलांची सुरुवात एकदम भरपूर रंगांनी होते, आणि त्यांना रंग काढून टाकलेली चित्रं ओळखणं इतर मुलांपेक्षा बरंच जड जातं, असं २०२४ मध्ये दिसून आलं. सुरुवातीला रंगावर भिस्त ठेवता येत नाही म्हणून बाळाचा मेंदू आकार आणि उजेड यांवर पाया घालत असावा.

चांगल्या डोळ्यावर पट्टी का?

आता आळशी डोळा. शंभरातल्या दोन-तीन मुलांना तो असतो. कारणं मुख्यतः तीन: डोळा तिरळा असणं, दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असणं, किंवा मोतीबिंदू वा खाली लोंबणारी पापणी यांनी डोळा झाकला जाणं. तिन्हींत एका डोळ्याकडून मेंदूला धूसर किंवा न जुळणारं चित्र मिळतं. मग मेंदू चांगल्या डोळ्याला जागा देत जातो आणि दुसऱ्याचं ऐकणं सोडतो. मांजरीच्या पिल्लांमध्ये झालं तेच. म्हणून आधी अडथळा काढायचा (चष्मा किंवा ऑपरेशन), आणि मग चांगल्या डोळ्याला रोज थोडा वेळ बाजूला बसवून मागे पडलेल्याला मेंदूचं लक्ष मिळवून द्यायचं.

आईवडिलांच्या शंका ठरलेल्या असतात आणि त्या रास्त आहेत.

तिला तर सगळं दिसतं, वहीत एक चूक नाही! दिसतं ते एका डोळ्याने. मुलाला दुसऱ्याची उणीव कळत नाही, कारण त्याने दुसरं काही अनुभवलेलंच नाही. घरी सहज पाहता येतं: एकेक डोळा हाताने झाकून पाहा. एका बाजूचा हात लागताच मूल हात झटकत असेल, रडत असेल, तर दाखवून घ्या. दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळवून कळणारी खोली अशा मुलांना कमी कळते, आणि उद्या चांगल्या डोळ्याला इजा झाली तर भिस्त याच डोळ्यावर राहणार.

नुसत्या चष्म्याने नाही भागणार? काही मुलांचं भागतं. म्हणून पुष्कळदा आधी काही आठवडे चष्मा लावून वाट पाहतात आणि मग पट्टीचं ठरवतात.

दिवसभर पट्टी लावून शाळेत कसं जायचं? दिवसभराची गरज बहुतेकदा नसते. अमेरिकेत २००३ मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर झालेल्या चाचणीत, मध्यम प्रमाणातल्या आळशी डोळ्यासाठी रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी ठरली. पट्टी अजिबात सहन न करणाऱ्या मुलांसाठी चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपिनचे थेंब घालून तो तात्पुरता धूसर करण्याचा मार्गही आहे. तास आणि थेंब डॉक्टरांनी सांगितले तेवढेच, कारण फार लहान वयात चांगला डोळा बेहिशेबी झाकला तर तोच मागे पडू शकतो.

आता दहा वर्षांचा झाला, वेळ गेली ना? वेळ कमी झाली, सगळी गेली नाही. सात ते सतरा वर्षांच्या मुलांवरच्या २००५ च्या चाचणीत, सात ते बारा या वयात पट्टीने पुष्कळांची दृष्टी सुधारली, आणि तेरापुढच्यांतही ज्यांच्यावर आधी कधी उपचार झाले नव्हते त्यांना फायदा दिसला. सातच्या आत सुरुवात झाली तर उत्तम, पण दहाव्या वर्षी कोणी 'आता काही होत नाही' म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांना जरूर विचारा.

केव्हा दाखवायचं

बाळाच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, किंवा फ्लॅशच्या फोटोत एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरं चमकलं, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तो मोतीबिंदू असू शकतो, क्वचित दृष्टिपटलाचा कर्करोगही. तीन-चार महिन्यांचं बाळ नजरेला नजर देत नसेल, डोळे सतत थरथरत असतील, चार महिन्यांनंतरही तिरळे दिसत असतील, तर 'मोठं झालं की जाईल' म्हणणाऱ्या शेजारणीचं ऐकू नका. तिरळेपणा भाग्याचा असतो असं अजूनही काही घरांत म्हणतात. त्या समजुतीपायी डोळे जातात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून देशभर आहे. त्याची पथकं अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत येतात, जन्मतः मोतीबिंदू आणि कमी दृष्टी या दोन्ही गोष्टी त्यांच्या तपासणीत आहेत आणि पुढचे उपचार मोफत आहेत. बडोद्यात सयाजी रुग्णालयाचा नेत्रविभाग आहेच. मूल खासगी शाळेत असेल किंवा अजून शाळेत जातच नसेल, तर तीन-चार वर्षांचं असताना एकदा, काहीही तक्रार नसली तरी, दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या. अक्षरं येत नसली तरी चित्रांचे तक्ते असतात.

पट्टीने डोळा सुधारला की घरचे ती आनंदाने फेकून देतात. तसं करू नये. उपचार थांबल्यावर वर्षभरात साधारण चौघांतल्या एका मुलाचा डोळा पुन्हा थोडा मागे सरकतो, आणि पट्टी एकदम बंद केली तर हे जास्त होतं. म्हणून डॉक्टर आधी तास कमी करतात, नंतर पट्टी थांबवतात, आणि त्यापुढेही निदान वर्षभर ठरावीक अंतराने मुलाला तक्त्यापुढे उभं करतात.